फोटो एडिटिंग शिकताना प्रेरणा कुठून घ्यावी आणि शिक्षण कुठे घ्यावे?

प्रश्न विचारणारे वाचक तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत काम करतात. त्यांनी फोटोशॉपचा क्लास केला आहे, लेयर, सिलेक्शन, क्लोन स्टॅम्प यांवर त्यांचा हात बसला आहे, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम तर रोजचेच आहेत. तरीही नवा फोटो उघडला की त्याचे नेमके काय करायचे हे सुचत नाही आणि शेवटी कुठला तरी तयार प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग) लावून काम पुढे सरकवले जाते, असे ते लिहितात. प्रेरणा कुठून मिळवावी आणि पुढचे शिक्षण कुठे घ्यावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. लग्नाच्या अल्बमपासून दागिन्यांच्या कॅटलॉगपर्यंत बहुतेक प्रकारचे रिटचिंग (फोटोतले दोष काढून तो सुधारणे) मी केले आहे आणि शिकाऊ मुलांना हाताखाली घेऊन कामही करून घेतले आहे; त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

माझ्या मते हे दोन प्रश्न एकाच अडचणीतून आलेले आहेत. क्लासमध्ये सॉफ्टवेअर मेनूच्या क्रमाने शिकवले जाते: आज सिलेक्शन, उद्या लेयर, परवा फिल्टर. प्रत्यक्ष एडिटिंग मात्र निर्णयांच्या क्रमाने होते. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, उजेड कोणत्या बाजूने येत आहे, या फोटोतला कोणता रंग खरा आणि कोणता आजूबाजूच्या वस्तूंनी चढवलेला, हे ठरल्याशिवाय कोणतेही टूल उचलण्यात अर्थ नसतो. तुम्हाला टूल येतात, निर्णय घेण्याचा सराव झालेला नाही, म्हणून सुचत नाही. तेव्हा प्रेरणेची जागा असो किंवा शिक्षणाची, ती निवडताना एकच कसोटी लावावी: इथे मला निर्णय घ्यावा लागतो का, आणि तो निर्णय कोणी तपासतो का?

प्रेरणेसाठी बहुतेक जण इन्स्टाग्राम उघडतात. तिथे दिसते ते तयार झालेले चित्र. मूळ फोटो कसा होता आणि मधे काय झाले हे दिसत नाही, शिवाय त्या महिन्यात चलनात असलेला एकच रंग सगळीकडे फासलेला असतो. उजेड शिकायचा असेल तर चित्रकारांकडे जावे असे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो, कारण चित्रकाराला प्रत्येक सावली स्वतः ठरवून घालावी लागते. सावंतवाडीत जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते, जरी अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजत असले तरी. हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून ते रंगवले आणि ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्याची चांगली प्रत संगणकावर उघडा आणि पुढील गोष्टी करून पाहा.

आधी ते कृष्णधवल करा आणि इतके लहान करा की चेहरा जेमतेम ओळखू यावा. आता दिव्याजवळचा तळहात, चेहरा, पदर आणि मागची भिंत असे उजेडाचे चार-पाच टप्पेच उरतील. मग मूळ प्रत पुन्हा उघडून आयड्रॉपरने (एखाद्या जागेचा रंग आकड्यांत दाखवणारे टूल) एकेका टप्प्यावर आकडे वाचा. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांमधून उजेड आरपार येतो, म्हणून तिथला लाल रंग अंगाच्या इतर भागातल्या लालसर छटेहून निराळा आहे. ज्योतीपासून जसजसे दूर जावे तसतसा उजेड झपाट्याने कमी होतो. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश राहतो, हा भौतिकशास्त्राचा नियम चित्रकाराने नजरेने पाळलेला आहे. आपल्याकडच्या दिवाळीच्या फोटोंवर पिवळसर ‘ग्लो’चा जो लेयर सरसकट टाकला जातो तो खोटा वाटतो, कारण त्यात पणतीपासून एक वीत अंतरावरचा हात आणि चार हातांवरची भिंत सारखीच उजळलेली असते. हे एकदा आकड्यांत पाहिले की ग्रेडियंट मास्क (परिणाम हळूहळू कमी करत नेणारा पडदा) कुठून सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे कोणी सांगावे लागत नाही. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. प्रतीपेक्षा मूळ चित्रासमोर उभे राहणे केव्हाही चांगले, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला ते एका दिवसात पाहून परत येता येते.

प्रेरणेची दुसरी जागा तुमच्याच बाजारपेठेत असण्याची शक्यता आहे. तालुक्यात एखादा जुना स्टुडिओ अजून चालू असेल तर तिथल्या बुजुर्गांना रिटच केलेली एखादी निगेटिव्ह दाखवायला सांगा. पूर्वीचा रिटचर काचेमागून उजेड येणाऱ्या उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलने काम करत असे. डोळ्यांखालचे काळे वर्तुळ किंवा कपाळावरची आठी प्रिंटमध्ये गडद दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती जागा पारदर्शक असते. तिथे पेन्सिलचे बारीक ठिपके दिले की प्रिंटमध्ये ती जागा तेवढीच उजळते. त्वचेची रंध्रे, बारीक लव, नाकाच्या शेंड्यावरची चमक यांना तो हात लावत नसे. आज ‘डॉज अँड बर्न’ने (बारीक भाग थोडे उजळ किंवा गडद करत) चेहरा रिटच करतात तेव्हा हेच करतात, आणि ब्लर मारून चेहरा मेणासारखा गुळगुळीत करणे ही त्या मानाने अलीकडची आणि आळशी रीत आहे. अशी निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्यावर स्किन स्मूदनिंगच्या प्लगइनवरचा विश्वास पुष्कळ कमी होतो.

डार्करूमची, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या कामाची, माहिती असली की फोटोशॉपमधली कित्येक नावे आपोआप उलगडतात. चित्राच्या कडा रेखीव करणाऱ्या अनशार्प मास्कचेच घ्या. मूळ निगेटिव्हची एक फिकट आणि मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हवर नेमकी जुळवून ठेवत आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढत. मोठ्या भागांतला फरक त्या प्रतीमुळे दबत असे आणि कडांवरचा फरक टिकत असे, म्हणून चित्र अधिक रेखीव दिसे. सॉफ्टवेअरमधली ‘रेडियस’ म्हणजे ती प्रत किती धूसर करायची एवढेच. रेडियस वाढवल्यावर डोंगराच्या कडेने पांढरी किनार का उमटते, हे आता पाठ करावे लागणार नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या वस्तीवर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढची कित्येक दशके त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे आणि त्यात पुसट ढग दिसतात, उत्तरकाळातल्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. दोन्ही प्रिंटच्या प्रती इंटरनेटवर सापडतात; त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आता तुमच्या रोजच्या कामातला एक फोटो घेऊ, म्हणजे निर्णय म्हणजे काय ते स्पष्ट होईल. हळदीचा कार्यक्रम आहे, दुपारची वेळ आहे, वर पिवळ्या कापडाचा मांडव आहे. ऊन कापडातून गाळून येते, त्यामुळे खालची प्रत्येक वस्तू पिवळी झाली आहे: स्टीलचे ताट, आजोबांची पांढरी टोपी, करडी फरशी, करवलीचा पांढरा कुर्ता. शिवाय नवरीच्या गालांवर आणि हातांवर खरी हळद आहे. ऑटो कलर दाबले की सॉफ्टवेअरला सगळीकडे पिवळेच दिसते, ते त्यावर निळा ओतते, मग हळद मातकट होते आणि कडेला बसलेल्या बायकांचे चेहरे आजारी दिसू लागतात. इथे पहिला निर्णय हा की हळदीचा पिवळा राखायचा आहे आणि कापडाचा पिवळा उतरवायचा आहे.

कापडाचा पिवळा किती चढला आहे हे टोपीवरून कळते. समजा टोपीवर, ० ते २५५ या मापात, लाल २३२, हिरवा २२१ आणि निळा १७० असे आकडे आले. पांढरी वस्तू असल्यामुळे तिन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवे होते. निळा साठएक पायऱ्यांनी मागे आहे. कर्व्हजमध्ये (उजेड-रंग रेषेने वरखाली करण्याच्या टूलमध्ये) निळ्या चॅनेलची, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्या रंगाच्या थराची, रेषा मधल्या आणि वरच्या भागात उचलावी, पण टोपी पूर्ण पांढरी होईपर्यंत उचलू नये. कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाने तो पिवळा उजेड पाहिलेला असतो. तो सगळा पुसला की फोटो त्यांना परका वाटतो. मी साधारण दोन तृतीयांश दुरुस्ती करतो आणि थांबतो. पुढचा निर्णय हळदीविषयी. गडद पिवळ्या भागात निळ्या चॅनेलचा आकडा शून्याला टेकतो आणि हळदीच्या लेपावरचे बोटांचे ओरखडे, सुकून पडलेल्या भेगा नाहीशा होऊन नुसता सपाट डाग उरतो. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त पिवळा निवडून त्याची सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि उजळपणा थोडा उतरवला की हा पोत परत दिसू लागतो, अर्थात मूळ फाइलमध्ये तो शिल्लक असेल तर. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) असेल तर तो बहुधा असतो, कारण १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये केवळ २५६.

यानंतर त्वचा. हळद न लागलेली जागा शोधावी, उदाहरणार्थ नवरीच्या आईचा हात. आपल्याकडच्या त्वचेत, ती गोरी असो वा काळी, लाल आकडा सर्वांत मोठा, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. हिरवा जर लालच्या अगदी जवळ जाऊन बसला असेल तर चेहरा काविळीचा दिसतो, आणि मांडवाच्या कापडाखाली नेमके हेच होते. हिरव्या चॅनेलचा मधला भाग किंचित खाली ओढला की रक्त परत आल्यासारखे दिसते. शेवटी हा फोटो अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीटवर त्याच कार्यक्रमाच्या इतर फोटोंशेजारी ठेवून पाहावा, कारण एकट्या फोटोत बरोबर वाटणारी हळद शेजारच्या फोटोतल्या हळदीशी जुळली नाही तर ग्राहकाला ते लगेच दिसते, भले त्याला कारण सांगता येत नसेल. या सगळ्यात वापरलेली टूल तुम्हाला आधीच येतात. रिसेप्शनच्या स्टेजवरच्या जांभळ्या एलईडी दिव्यांचे फोटोही असेच चॅनेल उघडून पाहावेत. तिथे निळा चॅनेल बहुधा २५५ वर जाऊन फुटलेला असतो आणि रंग परत आणता येत नाही, पण हिरव्या चॅनेलमध्ये चेहऱ्याचा तपशील अनेकदा शाबूत असतो आणि त्यातून उत्तम कृष्णधवल फोटो निघतो.

आता शिक्षणाकडे वळतो. मराठीतून, फुकट आणि क्रमवार शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील गिम्प या फुकट एडिटिंग सॉफ्टवेअरची मालिका मी पहिल्यांदा सुचवीन. छोटे छोटे व्हिडिओ आहेत, मराठी निवेदन आहे, आणि मुख्य म्हणजे पाहता पाहता थांबवून स्वतः करून पाहण्याच्या दृष्टीनेच ते बनवलेले आहेत. ते गिम्पच्या जुन्या आवृत्तीवर आहेत, तर गिम्पची ३.० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली, त्यामुळे पडद्यावरच्या खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतील. कर्व्हज, लेयर मास्क आणि चॅनेल यांचे काम मात्र बदललेले नाही. फोटोशॉप येत असताना गिम्प कशाला, असे तुम्ही विचाराल. दुसरे सॉफ्टवेअर शिकल्यावर कोणती गोष्ट बटणाची होती आणि कोणती चित्राची, हे वेगळे होते, हा एक फायदा. दुसरा असा की २०१३ पासून अडोबीने नवे फोटोशॉप भाड्यानेच द्यायला सुरुवात केली आणि छोट्या स्टुडिओला दर महिन्याचे ते भाडे जड जाते. म्हणून सर्रास चोरीच्या प्रती वापरल्या जातात, ज्यांच्याबरोबर व्हायरसही येतात आणि ग्राहकाच्या लग्नाची हार्ड डिस्क त्यात जाते. गिम्प, रॉसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, आणि पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी एवढ्यावर तालुक्याच्या स्टुडिओचे बरेचसे काम होऊ शकते.

सरावाला दुसऱ्यांचे फोटो हवेतच, कारण आपल्या फोटोत आपल्याला कार्यक्रम आठवतो आणि नजर निष्पक्ष राहत नाही. पिक्सल्स डॉट यूएस (pixls.us) या समूहात ‘प्ले रॉ’ नावाची एक फार उपयुक्त पद्धत आहे. कोणी तरी आपली रॉ फाइल मोकळ्या परवान्याखाली ठेवतो, जगभरचे लोक ती आपापल्या परीने एडिट करतात आणि तयार चित्राबरोबर डार्कटेबल किंवा रॉथेरपीची छोटी साइडकार फाइलही जोडतात. ती फाइल उघडली की त्या माणसाने कोणती पायरी कोणत्या क्रमाने आणि किती प्रमाणात केली, हे सगळे तुमच्या पडद्यावर येते. एकच फोटो दहा जणांनी दहा प्रकारे केलेला पाहणे आणि प्रत्येकाच्या पायऱ्या उलगडून पाहणे, याच्या तोडीचे शिक्षण मला कुठल्याही महागड्या अभ्यासक्रमात दिसलेले नाही. आधी स्वतः करावा, मग इतरांचे उघडावेत. उलट केले तर नुसती नक्कल होते. संशोधकांनी २०११ मध्ये तयार केलेला ‘फाइव्ह के’ नावाचा संग्रहही असाच आहे: ५,००० रॉ फोटो, आणि कलाशाळेत छायाचित्रण शिकणाऱ्या पाच विद्यार्थ्यांनी त्यांतला प्रत्येक फोटो आपापल्या मताने दुरुस्त केलेला. तो संशोधनासाठी आहे, त्यातले फोटो धंद्यात वापरता येणार नाहीत, पण पाच प्रशिक्षित माणसांचे एकमत किती क्वचित होते हे पाहण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. ‘बरोबर’ एडिट एकच असतो, ही शिकाऊ माणसाची भीती तिथे जाते.

चॅनेल म्हणजे काय हे मुळापासून समजून घ्यायचे असेल आणि थोडी मौजही करायची असेल तर नासाच्या जुनो यानाचे फोटो घ्यावेत. हे यान जुलै २०१६ मध्ये गुरू ग्रहाभोवती पोहोचले आणि त्यावरच्या जुनोकॅम कॅमेऱ्याचे कच्चे फोटो सर्वांसाठी खुले आहेत. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेल्या कृष्णधवल पट्ट्या वेगवेगळ्या येतात आणि त्या जुळवून रंगीत गुरू उभा करायचा असतो. नासाला मदत म्हणून हे काम जगभरचे हौशी लोक करतात. हौसेचे का होईना, पण लग्नाच्या हंगामाबाहेर दोन-चार रात्री यात घालवल्या तर चॅनेल मिक्सरची भीती उरत नाही.

प्रत्यक्ष वर्गात बसून शिकायचे असेल तर आयटीआयच्या अभ्यासक्रमांत ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा व्यवसाय आहे, तो तुमच्या जिल्ह्यात चालतो का याची चौकशी करावी. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेते, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. खासगी क्लासविषयी मी नावे घेणार नाही. फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांचे मूळ फोटो आणि तयार फोटो दोन्ही पाहायला मागावेत, गृहपाठ कोण आणि कसा तपासतो हे विचारावे, आणि वर्षभरात एकदा तरी प्रिंट काढून दाखवतात का हेही विचारावे. ‘शंभर टूल, पाचशे प्रीसेट मोफत’ असे फ्लेक्सवर लिहिलेले असेल तर तिथून सरळ पुढे जावे. फ्लेक्सवरूनच आठवले: वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊ, दादा, साहेब यांचे तीस चेहरे कापून बसवण्याचे काम तुमच्याकडे येतच असेल. ते काम हिणवू नये. तीस वेगवेगळ्या उजेडात काढलेले चेहरे एका रांगेत विश्वासार्ह दिसावेत म्हणून प्रत्येकाचा उजेड आणि रंग जुळवणे हा उत्तम सराव आहे, फक्त तो कोणी त्या दृष्टीने करत नाही.

माझा स्वतःचा कल मात्र उमेदवारीकडे, म्हणजे कोणाच्या तरी हाताखाली काम करत शिकण्याकडे, आहे. कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांतल्या अल्बम लॅबमध्ये तुळशीच्या लग्नानंतर काम इतके वाढते की हाताखाली माणूस हवाच असतो. एका हंगामात तिथे कलर करेक्शनला बसलात तर वेगवेगळ्या फोटोग्राफरांच्या हजारो फाइल डोळ्यांखालून जातात, कोणत्या कॅमेऱ्याचा लाल कसा येतो, कोणत्या फोटोग्राफरचा फ्लॅश नेहमी जास्त होतो, हे न शिकवता कळू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचे काम कोणी तरी परत पाठवते. ‘हा चेहरा तांबडा झालाय, परत कर’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकल्याने जे येते ते व्हिडिओ पाहून येत नाही, कारण व्हिडिओ तुमची फाइल पाहत नाही. पगार कमी मिळेल, सुरुवातीला कटिंगच (माणूस किंवा वस्तू पार्श्वभूमीतून कापून वेगळी करणे) करावी लागेल, तरीही जावे.

कटिंगचा विषय निघाला तर एआयबद्दलही लिहायला हवे. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल (एआयने चित्राचा भाग भरून देणारी सोय) आले आणि तेव्हापासून ‘आता शिकून काय उपयोग’ असे मुले विचारतात. पार्श्वभूमी काढणे, तारा पुसणे, फरशी वाढवणे ही कामे आता खरोखरच क्षणात होतात आणि त्यासाठी पूर्वीसारखे तास घालवण्यात शहाणपणा नाही. पण मोगऱ्याच्या गजऱ्याची कड, नथीच्या मोत्यांमधली फट, जाळीदार पदर इथे ऑटोमॅटिक सिलेक्शन अजून फसते, आणि कोल्हापुरी साज किंवा ठुशीच्या कॅटलॉगमध्ये तर पेन टूलने हाताने आखलेल्या कडेच्या रेषेला, म्हणजे पाथलाच, पर्याय नाही, कारण सराफाला प्रत्येक मणी मोजून जुळवून हवा असतो आणि एआयने स्वतःच्या मनाने घातलेला एक जादा मणी म्हणजे वेगळाच दागिना. म्हणून पेन टूल शिकून ठेवावे, रोज वापरावे असे मात्र मी म्हणणार नाही.

किती बदलायचे याची मर्यादा फोटोच्या कामावरून ठरते, आणि हेही निर्णयाचाच भाग आहे. १९८२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले आणि त्यावर मोठे वादळ उठले. तेव्हा फोटोशॉप जन्मलेही नव्हते, ते १९९० मध्ये आले. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के फोटो एडिटिंगमधल्या फेरफारामुळे बाद झाले. लग्नाच्या अल्बममध्ये मागचा कचऱ्याचा डबा पुसणे योग्य आहे. वर्तमानपत्राला द्यायच्या फोटोत नाही. ओळखपत्राच्या फोटोत उजेड आणि रंग नीट करावा, पण तीळ, व्रण किंवा चेहऱ्याची ठेवण यांना हात लावू नये, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. पुढे पडताळणीत अडचण त्यालाच येते.

हे सगळे ज्या पडद्यावर करणार तो खोटे सांगत असेल तर शिकणेही खोटे ठरते. स्टुडिओतला मॉनिटर दुकानातून आणला तसाच पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो, म्हणून पडद्यावर उजळ दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. एडिटिंगसाठी १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी तेजस्विता पुरते, म्हणजे बहुतेक मॉनिटरांचा उजेड बराच कमी करावा लागतो. मॉनिटरवर मागून किंवा समोरून खिडकीचा उजेड पडू देऊ नये, पडद्याची ‘व्हिव्हिड’ किंवा तत्सम सेटिंग बंद करावी आणि फाइल एसआरजीबी या रंगव्यवस्थेतच ठेवावी, कारण बहुतेक लॅबना तीच लागते. पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करणारा कॅलिब्रेटर घेता आला तर उत्तमच. तो घेईपर्यंत वर सांगितलेला हळदीचा एक फोटो, एक गोऱ्या आणि एक सावळ्या चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो आणि एक रात्रीचा फोटो असा एक ठरलेला संच लॅबकडून ४ बाय ६ मध्ये छापून घ्यावा, पांढऱ्या उजेडात मॉनिटरशेजारी धरून पाहावा आणि प्रिंटशी जुळेल असा मॉनिटरचा उजेड लावावा. हा संच लॅबला देताना मशीनचे ऑटो करेक्शन बंद ठेवायला आवर्जून सांगावे आणि पाकिटावर तसे लिहूनही द्यावे, नाहीतर तुम्ही घेतलेला निर्णय आणि मशीनने घेतलेला निर्णय एकमेकांत मिसळतात आणि त्या प्रिंटवरून काहीच कळत नाही.